प्रशिक्षणार्थीचं जाऊळ

भुमी चार महिन्यांची असताना तिला सरकारी प्रशिक्षण लागलं.

अर्ज मी माझ्याच नावाने केला होता. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग, आणि त्यानंतरची सहा वर्षं 'अनुभव नाही' या दोन शब्दांत गेलेली. एरंडोलच्या पुढे केळीची रोपं तयार करणारी एक मोठी रोपवाटिका आहे. तिथल्या प्रयोगशाळेसाठी मी तीनदा मुलाखत दिली. तिन्ही वेळा त्याच साहेबांनी तेवढ्याच मायेने सांगितलं, "ताई, तुमचं सगळं चांगलं आहे. फक्त सहा महिन्यांचा अनुभव आणा. कुठलाही चालेल." जसं काही मी बाजारातून मेथीची जुडी आणायला विसरले होते.

म्हणून युवा कार्यानुभव योजना निघाली तेव्हा मी बाळंतपणाच्या खाटेवरूनच फॉर्म भरला. सहा महिने सरकारी कार्यालयात काम शिकायचं, थोडंफार विद्यावेतन, शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र. एका आधार क्रमांकाला आयुष्यात एकच संधी. माझ्या सासूबाई बेबाबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही, त्यांनी फॉर्मकडे नुसतं पाहिलं आणि निकाल दिला.

"सहा महिना. कागद भेटना त ठीक. नही त आखाजीपासून मनासंगे वावरमा." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे शेतीचं वर्ष तिथून सुरू होतं.

नवरा, प्रेमराज, पाइपच्या कंपनीत ठेक्यावर. तो काहीच बोलला नाही. आमच्याकडे तो काही बोलला नाही म्हणजे अक्कांचं ठरलं असं धरतात.

मला जागा मिळाली बियाणे तपासणी उपकेंद्रात, पारोळ्याबाहेर, हायवेपासून जरा आत. भुमी अंगावर पिते, तिला घरी ठेवता येईना, म्हणून तिला कडेवर घेऊन पहिल्या दिवशी साडेनवालाच पोचले. निंबाच्या झाडाखाली दोन खोल्या. आत एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात पत्र्याचे ट्रे आणि दारात झुलाल नाना. नाना इथले शिपाई. उपकेंद्र दोन वर्षांपूर्वीच जळगावला हलवलं होतं. हलवण्याच्या यादीत कपाटं होती, पंखे होते, पाण्याचा माठसुद्धा होता. नाना नव्हते. म्हणून ते इथेच राहिले.

"मग साहेब?" मी विचारलं.

"साहेब जयगावले. अतिरिक्त कार्यभार." नानांनी खिशातून रबरी शिक्का काढून दाखवला. "हाऊ देई गयात. म्हने, झुलाल, गरज पडनी त मार."

पोर्टलवर मात्र या कार्यालयात अजूनही 'रिक्त जागा : १' दिसत होती. ती जागा मी.

हजेरी मोबाईलच्या ॲपवर, चेहरा दाखवून. सकाळी पावणेदहा ते सव्वादहा, आणि तीही कार्यालयाच्या शंभर मीटरच्या आत. पहिल्या दिवशी चेहरा नोंदवायचा, मग सहा महिने तोच दाखवायचा. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातावर भुमी, रेंज नाही. पडद्यावर ते चाक फिरतंय, फिरतंय. मी वाकून बघायला गेले, भुमीला वाटलं खेळणं. तिने दोन्ही हातांनी मोबाईल धरला आणि त्याच्याकडे असं एकटक पाहिलं, की तसं तिने तोवर फक्त पंख्याकडे पाहिलं होतं. टिंग वाजलं. हिरवी खूण. 'नोंदणी यशस्वी. स्वागत आहे, दिपमाला प्रेमराज बोरसे.'

चौकटीत भुमी होती. उजव्या गालावर अक्कांनी लावलेली तीट, कपाळावर आलेलं काळंभोर जाऊळ, आणि उघडं तोंड.

नानांनी टाळ्या वाजवल्या. "व्हई गयं! पह्यला झटकामा!"

मी त्याच दुपारी जळगाव गाठलं. योजनेचं जिल्हा कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. सारिका मॅडम तिथल्या समन्वयक, माझ्याच वयाच्या, टेबलावर अर्धा डबा आणि सात मोबाईल. त्यांनी पोर्टल उघडलं, माझ्याकडे पाहिलं, भुमीकडे पाहिलं, पुन्हा पोर्टलकडे पाहिलं.

"हे बदलता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, पण ही माझी मुलगी आहे. दिपमाला मी आहे."

"ते दिसतंय मला, ताई. पण ॲपच्या दृष्टीने दिपमाला ही आहे."

"मग मी कोण?"

मॅडमनी खरंच विचार केला. पडद्यावर खालीवर शोधलं. "सोबत आलेली व्यक्ती," त्या म्हणाल्या. "असा एक रकाना आहे. दिव्यांग उमेदवारांसाठी असतो, पण त्यात बसेल."

"नाव काढून परत टाका ना."

"काढलं की संधी संपली. एका आधारला एकच." मग त्या टेबलावरून पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणला. "ताई, मी स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर आहे. माझं ऐका. प्रमाणपत्रावर नाव तुमचंच येणार. सहा महिने हजेरी पूर्ण झाली की झालं. तीन गैरहजेऱ्या चालतात. चौथीला प्रशिक्षण आपोआप रद्द. बाळाला तेवढं सांभाळा."

भुमीला सांभाळा असं मला आजवर डॉक्टरांनी, अक्कांनी, शेजारच्या बायांनी सांगितलं होतं. शासनाने पहिल्यांदाच सांगितलं.

तर आमचं प्रशिक्षण सुरू झालं. सकाळी उठून भुमीला अंघोळ, काजळ, उजव्या गालावर तीट. एकदा अक्कांनी सवयीने डाव्या गालावर लावली आणि ॲपने चेहरा ओळखायला नकार दिला. पदराला थुंकी लावून मी डावी पुसली, पेनाने उजवी काढली, तेव्हा कुठे दहा वाजून चौदा मिनिटांनी 'स्वागत आहे, दिपमाला' आलं. त्या दिवसापासून काजळाची डबी माझ्या पर्समध्ये कागदपत्रांच्या कप्प्यात.

आणि नुसता चेहरा दाखवून भागत नसे. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे याची ॲपला खात्री लागायची. 'डोळे मिचकावा.' नाना भुमीच्या तोंडावर हळूच फुंकर मारायचे. 'मान डावीकडे वळवा.' नाना किल्ल्यांचा जुडगा घेऊन डावीकडे पळायचे. 'आता उजवीकडे.' नाना उजवीकडे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायात चप्पल, "भुमीबाई, इकडे देखा! साहेब लोके हाजरी मांगी ऱ्हायनात!" भुमी कधी वळायची, कधी नानांनाच बघत खुदकन हसायची. 'कृपया हसू नका,' ॲप म्हणायचं.

हजेरी झाली की भुमी झोपायची आणि मी सोबत आलेली व्यक्ती म्हणून काम करायचे.

काम होतं. कार्यालय हलल्याचं शेतकऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते आपलं घरचं बियाणं फडक्यात बांधून येतच राहिले, आणि नाना ते तपासतच राहिले. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं, दिवस भरले की उलगडून कोंब मोजायचे. दादर ज्वारी असो, हरभरा असो. शंभरातले किती उगवले तेवढं सांगायचं. पुस्तकात मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता रोज सकाळी गोणपाट मी तसंच उलगडायचे, जसं भुमीच्या पाळण्यावरचं पांघरूण बाजूला करते. आहे ना? हलतंय ना?

लोक भुमीलाच मॅडम म्हणायचे. पिंपळनेरकडचा एक म्हातारा नातेवाइकांकडे आला की हटकून चक्कर मारायचा. दारातूनच विचारायचा, "मॅडम झोपी गयात का? मंग बाहेर बसस मी."

दर महिन्याच्या शेवटी प्रशिक्षणार्थीच्या प्रगतीचा तक्ता भरायचा असे. तो भरणार नाना, कारण शिक्का त्यांच्याकडे. मी म्हटलं, नाना, माझ्या कामाचं लिहा ना, कोंबांचं. त्यांनी चष्मा पुसला.

"प्रशिक्षणार्थीना तक्ता शे, माय. प्रशिक्षणार्थी कोन? भुमीबाई. जे दिखस ते लिखस मी. खोटं लिखत नही."

आणि त्यांनी लिहिलं, सुवाच्य अक्षरात. पहिला महिना : 'प्रशिक्षणार्थी आवाजाच्या दिशेने वळते. अन्न दिसल्यास लक्ष देते.' तिसरा महिना : 'प्रशिक्षणार्थी आता आधाराशिवाय बसते.' त्यावर जळगावहून सारिका मॅडमचा घाबरून फोन आला, आधार लिंक तुटलंय का म्हणून. चौथा महिना : 'कार्यालयात सर्वत्र स्वतःहून फिरते. बियाणे तोंडात घालते. ओळखीचे व अनोळखी यांत फरक करते. वरिष्ठ आल्यास रडते.'

मॅडम म्हणाल्या, जिल्ह्यातून बाराशे तक्ते येतात, सगळ्यांवर 'प्रगती समाधानकारक' एवढंच. एकाच प्रशिक्षणार्थीची खरी प्रगती होतेय, असं वर दिसतंय. साहेब खूश आहेत.

मी घरी येऊन अक्कांना हे सांगितलं. त्या कपाशीच्या काड्या मोडत होत्या. "पोर हुशारच शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठी मनासारखी दिखस."

हे त्यांचं नेहमीचं. भुमी जन्मली तेव्हापासून. माझी आई म्हणायची नाक माझ्या वडिलांचं आहे, प्रेमराज म्हणायचा कान त्याचे आहेत, आणि अक्का म्हणायच्या बठ्ठी मनासारखी, म्हणजे सगळीच माझ्यासारखी. कोणी मान्य करत नव्हतं. अक्कांचा चेहरा उन्हाने रापलेला, तोंडात खाली दोनच दात उरलेले. आम्ही तोंड फिरवून हसायचो.

चैत्र जवळ आला तसा अक्कांनी विषय काढला. जाऊळाचा.

तो कधीतरी निघणार हे मला ठाऊक होतं. भुमी जन्मल्यावर कावीळ झाली म्हणून तिला आठ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर निळा उजेड. मी टाके पडलेली, पलंगावरून उठता येत नव्हतं. त्या आठ दिवसांत अक्का पेटीशेजारच्या फरशीवर बसून होत्या, आणि तिथेच त्यांनी धुळ्याच्या एकवीरा देवीला कबूल केलं होतं. पोर घरी आली की पहिल्या चैत्रात तुझ्या दारात जाऊळ देते.

चैत्री पौर्णिमा माझ्या सहा महिन्यांच्या शेवटच्या तारखेआधी बारा दिवस येत होती. सुट्ट्या सोडून आठ हजेऱ्या उरत होत्या. आणि केसांशिवाय ॲप भुमीला ओळखणार नव्हतं. तीट इकडची तिकडे झाली तर ओळखत नव्हतं, ते गोटा कसं ओळखेल?

"अक्का, पंधरा दिवस पुढे गेलं तर?"

"चैत सरी जाई."

"पुढच्या वर्षी?"

अक्कांनी काडी मोडली. "पोर पेटीमा व्हती तवय मी बोलेल शे. देवीनी तवय म्हनं का, पुढला वरीसले देखसू?"

मी कॅलेंडरवर उरलेल्या हजेऱ्या पुन्हा मोजल्या. आठच होत्या.

प्रेमराजने नाटकातला केसांचा टोप आणायची कल्पना काढली. तो एवढा वेळ गप्प होता तेच बरं होतं. मी सारिका मॅडमना फोन केला. त्यांनी वर विचारलं. वरच्यांनी आणखी वर विचारलं. चार दिवसांनी पत्र आलं, जावक क्रमांकासह. 'प्रशिक्षण कालावधीत प्रशिक्षणार्थीच्या चेहऱ्यात, केशरचनेत अथवा वयात कोणताही बदल होणार नाही, याची दक्षता सोबतच्या व्यक्तीने घ्यावी.'

मी ते अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वय कसं थांबाडस व तू?"

"तेच तर."

"मंग त्या सायेबले इचार. त्यानी कसं थांबाडं?"

पौर्णिमेला आम्ही धुळ्याला गेलो. देवळाबाहेर न्हाव्यांची रांग, पोरांच्या रडण्याची रांग. शिरपूरहून नणंद आली होती, कुंदाबाई. आत्याच्या पदरात जाऊळ घ्यायचं असतं. भुमीला मांडीवर घेऊन मी बसले, आणि वस्तरा पहिल्यांदा फिरला तेव्हा तिच्या डोक्यातून आलेला तो गरम, दुधाचा वास, तो कुंदाबाईंच्या पदरात पडताना मला दिसला म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक, हिचं डोकं किती लहान आहे. दुसरी, आठ हजेऱ्या. दोन्हींसाठी रडू एकच आलं. अक्कांनी हात जोडले होते. त्यांचेही डोळे गळत होते. पांझरेच्या काठी कुंदाबाईंनी पदर रिकामा केला.

ती पहिली गैरहजेरी.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात भुमीला चौकटीत धरलं. उजव्या गालावर तीट, मोठी, ठसठशीत. 'चेहरा जुळत नाही.' नानांनी किल्ल्या वाजवल्या, फुंकर मारली, स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर घालून पाहिली. 'कृपया टोपी काढा.' सव्वादहा झाले. दुसरी.

तिसऱ्या दिवशी मी माझाच चेहरा दाखवून पाहिला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. 'ही व्यक्ती नोंदणीकृत नाही.' नानांनी खाली मान घातली, जसं काही ते त्यांनीच म्हटलं होतं. तिसरी.

घरी आले, चुलीपुढे बसले. भाकरी थापताना हात जोरात पडत होता एवढंच. अक्कांनी ऐकलं असेल. उद्या चौथी. चौथीला सगळं रद्द, पाच महिने अठरा दिवसांसकट, आणि आयुष्यातली एकच संधी खर्च झालेली. मग आखाजी. मग वावर. वावराचं मला काही वावडं नाही. पण ट्रेमध्ये हरभऱ्याचं शेवटचं गोणपाट गुंडाळलेलं होतं, ते परवा उलगडायचं होतं.

सकाळी निघाले तर अक्का लुगडं नेसून दारात.

"मी येस."

"कुठे?"

"देखू त दे, देवीपेक्षा मोठं हापिस कोठे शे ते."

उपकेंद्रात पोचलो तेव्हा दहाला पाच कमी. अक्का पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी खोली पाहिली, टेबल पाहिलं, नानांना पाहिलं. "हाई हापिस?" एवढंच. मी भुमीला तीट लावली आणि मोबाईल टेबलाला टेकवून उभा केला. भुमी आदल्या दिवसापासून चिडलेली. चौकट पाहताच तिने भोकाड पसरलं, हात लांब केले आणि अक्कांच्या गळ्यात झेप घेतली. गालाला गाल घासून ती हुंदके देत राहिली. 'चेहरा जुळत नाही.' दहा वाजून नऊ. 'चेहरा जुळत नाही.' दहा वाजून बारा.

नाना किल्ल्या खाली ठेवून भिंतीला टेकले. मी खुर्चीवर बसले. अक्कांनी भुमीला माझ्या मांडीवर दिलं आणि कंबरेवर हात ठेवून त्या मोबाईलपुढे वाकल्या.

"का रे भाड्या! मनी नातले वळखत नही?"

ओल्या काजळाची तीट भुमीच्या गालावरून त्यांच्या उजव्या गालावर उठली होती. तोंड उघडं. खाली दोन दात. पदर मागे गेलेला, भुमीच्या झोंबण्याने केस कपाळावर आलेले. रागाने त्यांनी डोळे मिचकावले. आणि मान डावीकडे वळवून मला विचारलं, "काय म्हनस हाऊ?" मग उजवीकडे वळून नानांना, "काय म्हनस?"

टिंग.

'स्वागत आहे, दिपमाला प्रेमराज बोरसे.'

मग मी पडद्यावरचं वाचून दाखवलं, हळूहळू. भुमी समजून ॲपने अक्कांना घेतलं होतं.

अक्का सरळ झाल्या. त्यांनी पदर नीट केला.

"मी कवयनी सांगी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "बठ्ठी मनासारखी दिखस. कोनी आयकत नव्हतं. शेवट सरकारनी आयकं."

उरलेल्या हजेऱ्या अक्कांनी दिल्या. रोज सकाळी आरशासमोर बसून स्वतःच्या उजव्या गालावर तीट लावायच्या, वाटेत बायांनी विचारलं तर म्हणायच्या, "ड्युटीवर चालनी." हजेरी झाली की घरी जायचं काहीच कारण नव्हतं, पण त्या जायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या आणि मी गोणपाट उलगडलं ते बघत राहिल्या.

"हाई तू करस रोज?"

"हो."

"मंग पोर काय करे?"

"ती हजेरी द्यायची."

अक्का सरकत जवळ आल्या. कोंबांच्या ओळीवरून बोट फिरवलं, न लावता, वरून. पंचेचाळीस वर्षं त्या बियाणं मुठीत घेऊन पेरताहेत. "हाई मोजू नको," त्या म्हणाल्या. "मरी जाई. हाई बी."

"उगवलंय की, अक्का."

"उगेल शे. पन मूळ देख. वाकडं. पह्यला वारामा जाई." त्यांनी एक कोंब उचलून माझ्या तळहातावर ठेवला. खरंच, मूळ गाठीसारखं आखडलेलं. पुस्तकात याला एक लांबलचक नाव होतं. मी ते परीक्षेत लिहून दोन मार्क मिळवले होते आणि समोर आल्यावर ओळखलं नव्हतं.

हरभरा शंभरातून एक्क्याऐंशी निघाला. अक्कांच्या हिशेबाने चौऱ्याहत्तर. शेतकऱ्याला आम्ही चौऱ्याहत्तर सांगितले.

नानांनी शेवटचा तक्ता भरला. मी म्हटलं, आता काय लिहिता? "जे दिखस ते." त्यांनी लिहिलं : 'प्रशिक्षणार्थी आता कामात वरिष्ठांना मार्गदर्शन करते.' शिक्का मारला.

प्रमाणपत्र आखाजीच्या दोन दिवस आधी पोर्टलवर आलं. रंगीत. मध्ये माझं नाव, मोठ्या अक्षरांत. योजनेचा परिणाम दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना फोटो. डावीकडे 'प्रशिक्षणापूर्वी' : भुमी, चार महिन्यांची, जाऊळ कपाळावर, तीट, तोंड उघडं. उजवीकडे 'प्रशिक्षणानंतर' : अक्का, बासष्ट वर्षांच्या, तीट, तोंड उघडं. खाली छापलेलं वाक्य, 'सहा महिन्यांत उमेदवारात झालेला बदल उल्लेखनीय आहे.'

रोपवाटिकेत चौथ्यांदा गेले. तेच साहेब. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"यात तुम्ही कुठल्या?"

"मधली, सर."

मग त्यांनी कागद बाजूला ठेवला, हसले नाहीत, आणि टेबलावरचा छोट्या केळीरोपांचा ट्रे माझ्यासमोर सरकवला. "मोजा."

मी मोजली. बोट न लावता, वरून. पन्नासातली सहा बाजूला काढली.

"ही का? हिरवी आहेत की."

"बुडाशी कललीत, सर. मूळ बघा. पहिल्या वाऱ्यात जातील."

त्यांनी एक उपटून पाहिलं. दुसरं पाहिलं. मग तिसरं. बाहेर जाऊन कुणाला तरी घेऊन आले आणि त्यालाही दाखवलं. तेवढ्या वेळात मला बाहेरून भुमीचा आवाज येत होता. अक्का तिला फाटकाजवळच्या बाकड्यावर घेऊन बसल्या होत्या.

सोमवारपासून या, म्हणाले. जाताना फाटकावर चेहरा नोंदवून जा, हजेरीसाठी.

फाटकावर भिंतीत बसवलेलं मशीन होतं. रखवालदाराने मला बरोबर समोर उभं केलं. "एकटी उभी राहा ताई. दुसरं कोणी चौकटीत नको." भुमी अक्कांकडे, दहा पावलं लांब. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळेना. काचेत माझा चेहरा दिसत होता. नुसता माझाच. थकलेला, बरा, आणि जरा उघडा पडल्यासारखा. डोळे भरून आले तर मशीन ओळखेल का, असं मनात आलं.

"थांब," मागून अक्का म्हणाल्या.

त्या भुमीला घेऊन पुढे आल्या. रखवालदार "अहो आजी" म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या पर्समधून डबी काढली, बोट काळं केलं आणि माझ्या उजव्या गालावर टेकवलं.

"आते व्हऊ दे," त्या म्हणाल्या, आणि भुमीला घेऊन चौकटीबाहेर सरकल्या.

टिंग वाजलं.

आता सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज सकाळी अक्का आम्हा तिघींना तीट लावतात. भुमीला दृष्ट लागू नये म्हणून. मला मशीनने आत घ्यावं म्हणून. स्वतःला का लावतात ते विचारलं तर म्हणतात, ऱ्हाऊ दे, कवय गरज पडी.